पुस्तक मिटा आणि आईला सांगा

सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण

कुणी शेंगा फोडत असाल, कुणी भाकरी थापत असाल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. गेली बारा वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठात इंग्रजी लिहायला शिकवते. तुम्ही म्हणाल, अमेरिकेत जाऊन इंग्रजी शिकवणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला नेण्यासारखं! पण माझ्या वर्गात तिथली मुलं नसतात. चीन, कोरिया, इराण, ब्राझील आणि आपल्या भारतातून एम.एस., पीएच.डी. करायला आलेली मुलं असतात. इंग्रजीची परीक्षा पास होऊनच ती येतात. आपापल्या विषयात हुशार असतात. पण आपण काय शोधलं ते दहा-पंधरा पानांत इंग्रजीत लिहा म्हटलं, की हात थांबतो.

आज त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. पण आधी मी शिकवते काय, ते थोडं सांगते.

पहिली गोष्ट, मुद्दा आधी सांगायचा. आपण शेजारणीकडे उसने पैसे मागायला जातो, तेव्हा काय करतो? पावसाचं बोलतो, पोरांची चौकशी करतो, चहा होतो. उठता उठता म्हणतो, "जरा पाचशे रुपये मिळतील का?" ही आपली रीत, आणि ती चांगलीच आहे. पण इंग्रजी शोधनिबंधात उंबऱ्यावरच सांगावं लागतं, की मी पाचशे रुपये मागायला आलेय आणि कारण हे. मग बाकीचं.

1966 साली रॉबर्ट कॅप्लन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तर याची चित्रंच काढली. इंग्रजी लिहिणारा सरळ रेघेत जातो आणि आशियातले लोक गोल गोल फिरून मुद्द्यावर येतात, असं त्यांनी दाखवलं. पुढे त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्त होती. डोकं गोल फिरत नसतं. शाळेत जशी सवय लागली तसा माणूस लिहितो. आणि सवय बदलता येते.

दुसरी गोष्ट परिच्छेदाची. एका डब्यात एकच धान्य. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात सांगायचं की या डब्यात ज्वारी आहे, आणि मग आत तूर सापडता कामा नये.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. जॉन स्वेल्स नावाच्या अभ्यासकानं कितीतरी शोधनिबंध वाचून पाहिले, की लोक सुरुवात कशी करतात. 1990 साली त्यांनी ते तीन पायऱ्यांत मांडलं. मी आपल्या भाषेत सांगते. आधी सगळं शिवार दाखवायचं, म्हणजे या विषयात आजवर कुणी काय पिकवलं ते. मग त्यातला पडीक तुकडा दाखवायचा, की इथे अजून कुणी नांगर घातलेला नाही. आणि मग म्हणायचं, हा तुकडा मी कसणार आहे. एवढं कळलं की मुलांची अर्धी भीती जाते.

आणि व्याकरण? इंग्रजीत 'अ' आणि 'द' असे दोन चिमुकले शब्द आहेत. आपण म्हणतो, "काल बाजारातून एक शेळी आणली. ती शेळी आज व्याली." पहिली 'एक शेळी', ती 'अ'. मग ओळखीची झालेली 'ती शेळी', ती 'द'. आपल्याकडे हे 'एक' आणि 'ती' गाळलं तरी चालतं. इंग्रजीत बहुतेक वेळा चालत नाही. चिनी आणि कोरियन भाषांतही असे शब्द नाहीत, म्हणून ती मुलंही इथेच अडखळतात. दहा दहा वर्षं झाली तरी चुकतात. त्यामुळे मी आधी मुद्दा पाहते, मग मांडणी, आणि ही शेळी सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण मला सुरुवातीला नव्हतं. आता त्या मुलीकडे येते.

ती सांगलीकडची, ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. मातीचा अभ्यास करायला आली होती. विषय होता क्षारपड जमीन. पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही, की खालचं पाणी वर चढतं. बरोबर क्षार आणतं. पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार पांढरे होऊन वर राहतात. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी हे बांधावरून पाहिलं असेल.

तिनं पहिलं प्रकरण लिहून दिलं. दोन दिवसांनी तिला नोटीस आली. सॉफ्टवेअरनं दाखवलं होतं, की चार परिच्छेद एका पुस्तकातले जसेच्या तसे आहेत. तिथे ही चोरी समजतात. प्रवेश रद्द होऊ शकतो. घरी बापानं जमीन गहाण ठेवून कर्ज काढलेलं.

माझ्यासमोर बसून ती रडली. म्हणाली, "मॅडम, पुस्तकात इतकं छान लिहिलंय. मी त्याहून चांगलं काय लिहिणार? शाळेत तर पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे."

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. दोन महिने मी तिचे स्वल्पविराम तपासत होते. दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणचिन्हात घालायचे आणि नाव सांगायचं, शब्द आपले पण विचार त्याचा असला तरीही नाव सांगायचं, हा साधा नियम मी तिला समजावून दिलाच नव्हता. तो तिला माहीत असणार, असं मी धरून चालले होते.

खरं तर ही रीत आपल्याला परकी नाही. जनाबाई आपल्या अभंगात आपलं नाव गुंफते. आपण गावरान बी कुणाकडून आणलं, तर सांगतो की हे मावशीकडचं वाण. बोलताना जे करतो, तेच कागदावर करायचं.

मी चौकशी करणाऱ्यांना पत्र लिहिलं आणि माझी चूकही त्यात लिहिली. तिला ताकीद मिळाली आणि प्रकरण पुन्हा लिहायला तीन आठवडे मिळाले.

मी तिला म्हटलं, "पुस्तक वाच. मग मिटून ठेव. आईला फोन लाव आणि काय वाचलंस ते मराठीत सांग. मग तेच इंग्रजीत लिही. शेवटी पुस्तक उघडून चुकलं का ते बघ, आणि लेखकाचं नाव घाल."

तिनं तसं केलं. आई ऐकता ऐकता म्हणाली, "अगं, आपल्याकडे पाटाच्या खालच्या अंगाची जमीनच आधी बिघडली. आणि चर खणला, तेव्हा चराकडेच्या सऱ्यांत पुन्हा ऊस उठला."

आता आईचं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण त्यातून प्रश्न निघाला. पाटापासून किती अंतरावर किती क्षार आहेत? चर खणल्यावर किती कमी होतात? हे मोजता येतं. तिला तिचा पडीक तुकडा सापडला. नवं प्रकरण आलं, तेव्हा इंग्रजी मोडकंतोडकं होतं, 'अ' आणि 'द' निम्मे गायब. पण प्रत्येक वाक्य तिचं होतं. बाकी आम्ही दोघींनी मिळून सावरलं. दोन वर्षांनी तिची पदवी झाली.

तेव्हापासून माझ्या वर्गाचा पहिला दिवस मी स्वल्पविरामावर घालवत नाही. आधी विचारते, "तुमच्या गावात, तुमच्या शाळेत कसं लिहायला शिकवलं?" सगळ्यांचं ऐकते. मग इथली रीत सांगते.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी शिकायला बाहेर असेल. पुण्यात असेल नाहीतर परदेशात. फोनवर आपण विचारतो, "जेवलास का?" ते विचाराच. पण पुढे हेही विचारा, "आज काय वाचलंस? मला सांग बरं." नाही कळलं तर म्हणा, "नाही कळलं, पुन्हा सांग." तुम्हाला कळेपर्यंत सांगताना त्यांचं त्यांनाच कळत जातं.