वर्गातील दयाभाव : बालमनाची पहिली तालीम

(त्र्यंबकेश्वर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांत परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या, वर्गखोल्यांची अडचण या विषयांवर बोलणे होते, आणि ते झालेच पाहिजे. आज मात्र मी बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या चिमुकल्यांविषयी बोलणार आहे. या वयाच्या मुलांना दया, आपुलकी, माणुसकी शिकवता येते काय? माझे उत्तर असे की, येते. पण ती उपदेशाने येत नाही. मोठी माणसे मुलाशी जशी वागतात तसे ते मूल इतरांशी वागू लागते, आणि चांगले वागण्याची रोज संधी मिळाली तरच ती सवय टिकते.

फळ्यावर ‘भूतदया हा श्रेष्ठ धर्म आहे’ असा सुविचार लिहायचा, आणि तो वाचताना मूल अडखळले की त्याचा कान पिळायचा, असे घडले तर त्या तासाला मूल काय शिकले? भूतदया खचित नव्हे. थोराने लहानाला दुखावले तरी चालते, एवढेच ते शिकले. उद्या तेच मूल आपल्याहून लहानाचा कान पिळते आणि मग आपण विचारतो, ‘याला हे कोणी शिकवले?’

या बाबतीत आपल्याला आदर्श शोधत दूर जायला नको. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील लहान-लहान प्रसंग आठवावेत. अबू उमैर नावाच्या बालकाचे आवडते पाखरू होते. ते मेले आणि मूल खिन्न झाले. एवढी मोठी जबाबदारी शिरावर असलेल्या प्रेषितांनी त्या मुलाजवळ पाखराची आपुलकीने चौकशी केली. मुलाचे दुःख त्यांना क्षुल्लक वाटले नाही. नमाज पढवीत असताना लहान मूल रडल्याचा आवाज कानी आला, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. हजरत अनस (र.) लहानपणी त्यांच्या सेवेत होते. त्या दहा वर्षांत आपल्याला त्यांनी कधी तुसडेपणाने हटकले नाही, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. तरबियत म्हणतात ती ही. अनस मोठे झाल्यावर हजारो गोष्टी सांगू शकले असते. पण लहानपणी मिळालेली मायेची वागणूक ते विसरले नाहीत.

आता आपल्या मुलखातले उदाहरण घेऊ. त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारचा घाटरस्ता धरून पश्चिमेला डहाणूच्या बाजूस गेले की कोसबाडची टेकडी लागते. बालशिक्षणाच्या कामात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडला, आदिवासी वस्तीत गेले. मुले शाळेत येईनात. मुले आळशी, पालक अडाणी, असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी कारण शोधले. वस्तीतले मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच वस्तीच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडी. मूल गुरे राखायला जाते तर कुरणातच शिकवायचे, ही कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरवायची, ही विकासवाडी. मुलांचे हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे हीसुद्धा शिक्षणाचीच पायरी त्यांनी मानली. मळक्या मुलाला ‘मागे बस’ असे सांगण्यापेक्षा त्याचे हात धुवून देणे, यात दयेचा सगळा पाठ आला. ताराबाई १९७३ साली वारल्या. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडी म्हणतात.

पालकहो, हा विषय मी येथे का काढला, तेही सांगतो. आपले गाव लहान, पण येथे सारा देश येतो. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला, बारा वर्षांनी सिंहस्थाला माणसांचा पूर लोटतो. आसपासच्या पाड्यांवरची आदिवासी मुले, पुरोहितांची, दुकानदारांची आणि आपली मुले याच परिसरात वाढतात. मे २०२३ मध्ये उरुसाच्या संदल मिरवणुकीच्या वेळी मंदिराच्या दाराशी धूप दाखवण्यावरून वाद उभा राहिला. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, आणि काही दिवस गावाचे नाव देशभर गाजले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या दिवसांत घराघरांतून जे बोलले गेले ते मुलांनी ऐकले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या मुलांना पुन्हा एकमेकांशेजारी बसायचे होते. मोठ्यांची शांतता बैठकीत ठरते. मुलांची शांतता बाकावर ठरते. तो बाक सांभाळणे हे शिक्षकांचे आणि आपले काम आहे.

ते कसे करायचे? काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, नावे ठेवणे बंद. काळ्या, बोबड्या, लंगड्या ही हाक वर्गात ऐकू येता कामा नये. शिक्षकाच्या तोंडून तर नाहीच. आईबापांच्या धंद्यावरून, जातीवरून, धर्मावरून मुलाला हिणवणे हे त्याहून वाईट. ज्यांची समाधी या गावात आहे त्या निवृत्तिनाथांना आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची मुले म्हणून लोकांनी हिणवल्याची कथा येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यांचा दोष काय होता, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर मुले स्वतःच देतील.

दुसरी गोष्ट, बोलीला हसू नये. आपल्या घरी हिंदी-उर्दू मिसळलेली बोली असते, पाड्यावरच्या मुलाची बोली वेगळी असते. आपल्या मुलाच्या मराठीला कोणी हसले तर आपल्याला लागते. तसेच ते त्यालाही लागते.

तिसरी गोष्ट, डबा. कोणाच्या डब्यात भाकरी, कोणाच्या डब्यात अंडे, कोणाचा एकादशीचा उपवास, कोणाचा रोजा. दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडू नये, आणि जो खात नाही त्याला आग्रहही करू नये. त्याचा नेम त्याला पाळू द्यावा. डबा विसरलेल्याला मात्र विचारल्याशिवाय आपण पहिला घास घेऊ नये.

चौथी गोष्ट, मुलांना काम द्यावे. नव्या मुलाला आठवडाभर एक सोबती नेमून द्यावा. उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याचे भांडे भरण्याची पाळी लावावी. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, ही हदीसमधली कथा सांगून थांबू नये; भांडे मुलाच्या हाती द्यावे.

पाचवी गोष्ट, भांडण झाले तर ‘माफी माग’ म्हणून विषय संपवू नये. दोघांचेही ऐकून घ्यावे, ज्याला लागले त्याला काय हवे ते विचारावे, आणि ज्याने मारले त्याला ते करायला लावावे. फाडलेले पान त्याने चिकटवून द्यावे.

काही पालक म्हणतील, ‘असे लाड केले तर मुले बिघडतील; छडीशिवाय विद्या नाही.’ दया म्हणजे लाड नव्हे. दयाळू शिक्षक दांडगाई चालवून घेत नाही; दुबळ्याच्या बाजूने तो ठामपणे उभा राहतो. राहिली छडी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. ‘गुरुजी, चांगले बदडून काढा’ असे शाळेत जाऊन सांगणाऱ्या पालकाने हे ध्यानात घ्यावे.

आणि घराचे काय? शाळेत मूल दिवसाचे काही तास असते. उरलेला वेळ ते आपल्याला पाहते. दारी आलेल्या फकिराशी, मोलकरणीशी, हमालाशी, शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाविषयी आपण कसे बोलतो, हे ते टिपून घेते. शाळेने दिवसभर पेरलेले आपण रात्री जेवताना एका वाक्याने उपटून टाकू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. उद्या वर्गात गेल्यावर पाहा, मधल्या सुट्टीत एकटे कोण बसलेले असते. त्याच्या शेजारी जाऊन बसा. एवढे केलेत तरी या भाषणाचे सार्थक झाले.

 आपल्या मुलांना इल्म मिळो आणि त्याबरोबर नरम दिलही मिळो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.