सांधेदुखी आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यकाचा अधिकार आमचा नाही. तथापि आपल्या घरांतून 'संधिवात' हा एकच शब्द अनेक दुखण्यांना लावला जातो आणि त्यापायी उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारे दुखणे बहुधा उतारवयातले. ते जिना चढताना वाढते, विसाव्याने कमी होते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात ओसरतो. येथे अंथरूण धरणे हा उपाय नव्हे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. स्थूल माणसाचे वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो.

आमवाताची गोष्ट निराळी. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात; सकाळी तास तास मूठ वळत नाही. शरीराची संरक्षक शक्तीच येथे सांध्यांवर उलटलेली असते. हा विकार अंगावर काढल्यास बोटे वाकडी होतात व झालेली हानी भरून येत नाही. वेळीच औषध सुरू झाल्यास ती बव्हंशी टळते. यातील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णास प्रथम कॉर्टिसोन दिले, तेव्हा तो चमत्कारच वाटला. परंतु या स्टेरॉइड वर्गातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. नावगाव नसलेल्या पुड्यांत हीच औषधे मिसळलेली आढळली आहेत. अशी पुडी घेऊ नये. मात्र दीर्घकाळ चालू असल्यास एकाएकी थांबवूही नये, डॉक्टरांस दाखवून त्यांच्या सल्ल्याने सोडावी.

शेवटी वडीलधाऱ्यांस एकच विनंती. घरातील सून सकाळी कामास उशिरा लागली, तर तिला आळशी ठरविण्यापूर्वी तिची मूठ वळते की नाही, एवढे अवश्य पाहावे.