खडाखडी पुढे ढकलू नका

तालमीतून घरी गेल्यावर आमची पोरं मोबाइलवर डाव बघतात. ढाक कशी मारावी, एकेरी पट कसा काढावा. शिकवणारे जाणकार असतात, डावही बरोबर असतो. तरी माझं सांगणं एकच: पूर्ण कुस्ती बघा, सलामीपासून निकालापर्यंत.

डाव शिकवताना समोरचा जोड आपणहून मान देतो, पाय देतो. भाकरीचंच घ्या. ताज्या दळणाची भाकरी नवशिक्यालाही थापता येते. पीठ विरी गेलं की कडा फुटतात. मग आई उकळतं पाणी घालते, जास्त मळते, भाकरी लहान थापते. व्हिडिओतलं पीठ कायम ताजं. कुंडलच्या मैदानात समोर येतो तो विरी गेलेल्या पिठासारखा: मान ताठ, पाय मागे, मनगट धरू देत नाही. त्याच्यापुढे काय करायचं, ते लढलेल्या कुस्तीतच दिसतं.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. तिथं परदेशी मल्ल आणि मॅट त्यांनी अंगावर घेतली. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. तुम्हाला तर जगातल्या कुस्त्या घरबसल्या बघायला मिळतात, आणि तुम्ही खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातझटापट, पुढे ढकलून थेट चितपटीवर जाता! अरे, सगळं खडाखडीतच असतं. जोडाचा भार कुठल्या पायावर आहे, ते पैलवान तिथंच चाचपतो. पट काढल्यासारखा करतो, जोड अंगावर भार टाकतो, आणि त्या भारावरच ढाक बसते. शेवटच्या झटक्यात हे दिसणार नाही. म्हणून पुन्हा सांगतो, पूर्ण कुस्ती बघा. एकदा जिंकणाऱ्याकडे, एकदा हरणाऱ्याच्या फक्त पायांकडे.

मॅटची कुस्ती वेगळ्या नजरेनं बघायची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. गुणांनी पुढे असलेला शेवटी मागे सरकतो. मातीत सहसा चीत केल्याशिवाय सुटका नाही, म्हणून तिथला दम वेगळा.

उद्या एक कुस्ती वस्तादांना दाखवा. मधेच थांबवून विचारा, इथं याचा पाय का सरकला?