गुडगुडीची वंशावळ

(झाशीच्या सिव्हिल लाइन्समधील सभेत केलेले भाषण)



माझ्या संग्रहातील जुन्या गुडगुड्या व चिलमी पाहून पुष्कळजण विचारतात, ‘आपण तंबाखू ओढता काय?’ मुळीच नाही. तंबाखूने देहाची हानी होते, हे निर्विवाद आहे. मला ओढ आहे ती या रित्या पात्रांच्या इतिहासाची.

हा इतिहास आपल्याला दक्षिणेत घेऊन जातो. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात आणलेली तंबाखू विजापुरात रुळली होती. अकबराचा वकील असद बेग तेथे गेला आणि १६०४ च्या सुमारास तंबाखू व रत्नजडित नळी घेऊन आग्र्यास परतला. हकिमाचा विरोध असतानाही बादशहाने झुरके घेतले. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, परंतु व्यसन फैलावतच गेले. म्हणजे आपल्या पूर्वजांप्रमाणे गुडगुडीही दक्षिणेतूनच उत्तरेत आली!

पात्राचे वय त्याच्या घडणीवरून अजमावता येते. बिदरी पात्र जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात, त्यात चांदी ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातील मातीने ते काळे करतात. बूड गोल असून पात्र कड्यावर ठेवावे लागत असेल, तर ते बहुधा १७५० पूर्वीचे. घंटेच्या आकाराचे, सपाट बुडाचे पात्र सामान्यतः त्यानंतरचे.

पण ते कोणाच्या दिवाणखान्यात होते, हे धातू सांगत नाही. माझ्याकडील एक बिदरी पात्र भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेले आहे. ते कोणत्या घरातून आले, हे त्याला सांगता आले नाही. त्या पात्राची वंशावळ तेथेच खुंटली.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी जुन्या घरांतून दिवे, अडकित्ते, दौती अशा नित्याच्या वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या राजा या पुत्राच्या नावे संग्रहालय उभारले. ज्यांना कोणी मोल देत नव्हते, त्या वस्तूंना त्यांनी मान दिला.

१७२९ मध्ये बाजीराव छत्रसालांच्या साहाय्यास धावले आणि पुढे बुंदेलखंडात मराठी घरे वसली. त्या घरांच्या माळ्यांवर आजही काही उरले असेल. माझी विनंती एवढीच : वस्तू विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ती कोणाची, कोठून आली, केव्हा आली, हे चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा. वस्तू गेली तरी नोंद उरेल. नोंद गेली, तर वस्तू असूनही मुकी होईल.