शेक आणि कातडी
(मार्कंडा येथे दिलेले भाषण)



स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, की पुष्कळ बायांना पुढे किरणांचा उपचार घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्याकडची माणसे नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात नाहीतर सेवाग्रामला जातात. या उपचाराला आपण 'शेक' म्हणतो. मला तो शब्द पसंत नाही. शेक म्हटले की शेगडी आठवते, आणि बाई भाजणार अशी धास्ती बसते. यंत्राखाली निजल्यावर चटका बसत नाही, दुखतही नाही. थोड्या मिनिटांत बाई बाहेर येते. अशा बाहेरून दिलेल्या किरणांतले काही तिच्या अंगात उरत नाही. तिने लेकरू खुशाल मांडीवर घ्यावे.

मग कातडी काळी का पडते? आपली वरची कातडी रोज झिजते आणि खालच्या थरातून नवी वर येते. पऱ्हे असले तर बांधीत रोवणी होते, तसेच हे. किरण रोगाला मारतात, पण वाटेत या पऱ्ह्यालाही मार बसतो. वरची झीज चालूच, नवी भरती कमी. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल किंवा काळसर होते, खाजते, कधी सोलते. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत घाम असतो, घासणेही असते, तिथे त्रास अधिक.

इथेच घात होतो. एका बाईच्या १५ पैकी ९ खेपा झाल्या होत्या. काखेतली कातडी पाहून नवरा म्हणाला, "पुरे झाले, चल घरी." परिचारिकेने त्याला बसवून घेतले. "दादा, कातडी भरून येते. उपचार अर्धा सोडला तर रोग उलटू शकतो." तो थांबला, आणि पंधरा खेपा पुऱ्या झाल्या. पूर्वी २५ खेपा म्हणजे पाच आठवडे लागत. आता बऱ्याच जणींचे तीन आठवड्यांत होते, आणि कातडीलाही त्रास कमी.

काळजी कशी घ्यायची? आंघोळ बंद करू नका. पाणी लावायचे नाही, असे कोणी सांगेल. ते चूक आहे. कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो. चोळू नका, मऊ फडक्याने टिपून घ्या. डॉक्टरांनी काढलेल्या खुणा मात्र पुसू नका. सैल सुती कपडा घाला. घट्ट चोळी नको. हळद, चुना, बाम, करंजीचे तेल, झाडपाल्याचा लेप, यातले काही लावू नका. आपली हळद गुणाची आहे, पण सोललेल्या कातडीवर घरचा लेप नको. खाज आली तर नखे लावू नका, डॉक्टरांना सांगा. ते मलम देतात. बिडी ओढत असाल तर सोडा, धुराने जखम उशिरा भरते.

कॅनडात २०२२ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या ३७६ बाया त्यात होत्या. काहींच्या कातडीवर पातळ पारदर्शक पट्टी पहिल्यापासून चिकटवली. पट्टी नसलेल्या शंभरांत सुमारे ४६ जणींना मध्यम किंवा जास्त त्रास झाला, पट्टीवाल्यांत सुमारे १६ जणींना. पट्टी महाग पडते, सगळीकडे मिळतही नाही. पण डॉक्टरांना विचारायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक. शेवटची खेप झाली की त्रास लगेच थांबत नाही. पुढचा आठवडा-दोन आठवडे तो वाढतो, मग उतरतो. त्या दिवसांत बाई घरी असते. कातडीतून पू आला, वास आला, ताप भरला, तर रुग्णालयातून मिळालेला कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि पुढे तेंदूपत्त्याच्या दिवसांत रानात गेलात, तर ती जागा पदराखाली झाकलेली ठेवा. तिथली कातडी ऊन लवकर धरते.