नकाशाचे मस्टर



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. दक्षिण ध्रुवाचा नकाशाही आम्ही मस्टरासारखा वाचतो : कोणाचे नाव चढले, कोणाचे गळले? तिथे वस्ती नव्हती. पहिला पोचला त्याने नाव ठेवले. १९०८ साली शॅकल्टनने एका प्रचंड हिमनदीला, त्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कारखानदार बिअर्डमोरचे नाव दिले. त्याच हिमनदीच्या पायथ्याशी १९१२ साली स्कॉटच्या तुकडीतला खलाशी एडगर इव्हान्स मेला. नदी कारखानदाराचीच राहिली.

अमुंडसेननेही १९११ साली एका हिमनदीला देणगीदार हायबर्गचे नाव दिले. पण जवळच्याच एका डोंगराला त्याने नाव दिले ‘बेटी’. ही बेटी कोण? त्याच्या घरची म्हातारी दाई! पैशाचे ऋण सगळेच नोंदवतात, बंधूंनो. कष्टाचे ऋण तिथे एकदा तरी नोंदले गेले.