व्हाया श्रीवर्धन
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोला, असा चिटणीसांचा आग्रह. रक्तदाब आणि साखर यांवर आम्ही नेहमीच बोलतो आणि बोलणे संपताच तुम्ही हलव्याच्या ताटाकडे वळता. म्हणून या खेपेस कोरोनाच्या दिवसांतली हकीकत सांगतो. आम्ही म्हणजे आपल्यातल्या तीन निवृत्त परिचारिका.

हमरिया हे नाव तुमच्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. शारजाच्या किनाऱ्यावर 1995 साली स्थापन झालेला हा फ्री झोन. स्वतःचे बंदर, पोलादाचे, तेलाचे, जहाजांचे कारखाने, आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती. आमच्यापैकी एकीचे माहेर श्रीवर्धनचे. तिच्या घराला लागून असलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबातला मुलगा तिथे वेल्डर आहे. आपण कोकण सोडून इस्रायलला आलो, पण ते शेजार काही सुटले नाही.

मार्च 2020 मध्ये भारताने विमाने बंद केली, पाठोपाठ अमिरातीनेही केली. 26 मार्चपासून तिथे रात्री आठ ते सकाळी सहा बाहेर पडायला बंदी आली. त्या काळी अमिरातीतून इस्रायलच्या क्रमांकावर फोन लागत नसे. तेव्हा मुलगा आईला आवाजात निरोप पाठवी, आई तो आम्हाला धाडी आणि आमचे उत्तर त्याच वाटेने परत जाई. शारजाहून श्रीवर्धन, श्रीवर्धनहून आम्ही. एका प्रश्नाला कधी अर्धा दिवस लागे.

पहिला मोठा प्रश्न आला तो आपल्या पेसाहच्या आसपास. आपणही तेव्हा कोंडलेलेच होतो. 8 एप्रिलच्या रात्री कित्येकांनी एकट्याने सेदर केला, हे इथे बसलेल्यांना आठवत असेल. प्रश्न असा होता: "मावशी, वेगळ्या खोलीत राहा म्हणतात. आम्ही एका खोलीत आठजण. वेगळी खोली कुठून आणू?"

जगभर ज्या सूचना दिल्या जात होत्या, त्या स्वतःची खोली असलेल्या माणसासाठी लिहिल्या होत्या, असे आमचे मत तेव्हा झाले आणि आजही आहे. हात धुवा, अंतर राखा, हे सगळे खरे. पण दुमजली लोखंडी खाटांच्या खोलीत अंतर मोजायचे कुठून? वॉर्डात खाटा कमी आणि रोगी जास्त असले की काय करायचे, ते मात्र आम्हाला ठाऊक होते. आम्ही कळवले: ज्याला ताप येईल त्याला खिडकीजवळची खालची खाट द्या, त्याच्या वरची रिकामी ठेवा. बाकीच्यांनी एकाचे डोके तिथे दुसऱ्याचे पाय असे निजा. एसी असला तरी खिडकी अधूनमधून उघडा. पेला आणि टॉवेल ज्याचा त्याचा. जेवण एकत्र नको, पाळीपाळीने. आठांनी वर्गणी काढून एक थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्यावा. आकडा 94 च्या खाली गेला तर कुणाची वाट पाहू नये, दवाखाना गाठावा.

रमजान लागला आणि त्यालाच ताप आला. आम्ही रोजा सोडायला सांगितले. आमचे ऐकेना, पण आजाऱ्याला सूट असते हे आईने बजावल्यावर ऐकले. मग त्याला तपासणीला आणि तिथून विलगीकरणाच्या जागी नेले. तीन दिवस निरोप नाही. आई दर तासाला विचारी, आम्ही काय सांगणार? चौथ्या दिवशी कळले, चार्जर खोलीवर राहिला होता. तीन दिवसांत ती माउली काय काय कल्पून बसली होती! ईदच्या आधी तो बरा होऊन परतला.

मायदेशी जायचे की नाही, हा त्यांच्या खोलीतला रोजचा वाद. वकिलातीकडे नाव नोंदवणारे काही दिवसांतच दीड लाखांवर गेले. 7 मे रोजी पहिली दोन विमाने अमिरातीतून सुटली, ती दोन्ही केरळला. तिकीट स्वखर्चाने, उतरल्यावर चौदा दिवस विलगीकरण, आणि परत येता येईल याची खात्री नाही. कंपनीने पगार निम्मा केला होता. पण निम्मा तरी होता. तो थांबला.

आणि 3 जूनला निसर्ग वादळ नेमके श्रीवर्धन, दिवेआगरवर येऊन आदळले. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद. आता उलटे झाले. हमरियातला मुलगा धडधाकट आणि गावाचा पत्ता नाही. आमच्या मधला दुवाच तुटला. आमच्यापैकी एकीच्या पुण्यातल्या भाच्याने माणगावपर्यंत ओळखी काढून सहाव्या दिवशी खबर आणली: माणसे सुखरूप, घराचे पत्रे उडाले, रोठा सुपारीची वाडी आडवी. सुपारीचे झाड लावल्यावर फळ धरायला किती वर्षे जातात, हे श्रीवर्धनकरांना सांगायला नको.

16 ऑगस्ट 2020 पासून अमिरातीतून इस्रायलला थेट फोन लागू लागला. करार, सह्या, समारंभ हे मोठ्या लोकांचे. आम्हाला मात्र त्या आठवड्यात त्याचा आवाज पहिल्यांदा सरळ ऐकू आला.

2021 च्या आरंभी तो छप्पर घालायला रजेवर गावी आला आणि 24 एप्रिलला अमिरातीने भारतातली विमाने पुन्हा बंद केली. ऑगस्टमध्ये दार उघडले ते अमिरातीत दोन्ही डोस घेतलेल्यांपुरते. याने कोव्हिशील्ड गावी घेतलेली. ती चालेल का, म्हणून तो आम्हाला विचारी. लशीबद्दल आम्ही सांगू शकत होतो, व्हिसाबद्दल नाही. 12 सप्टेंबरपासून ती सवलत मिळाली आणि तो कामावर रुजू झाला.

हल्ली त्याचा फोन येतो तो आईच्या साखरेबद्दल. आम्ही सांगितलेले पथ्य ती पाळत नाही. मुलाने दटावले तर पाळते. म्हणून आता आमचा निरोप आधी हमरियाला जातो आणि तिथून श्रीवर्धनला.